लिस्बनला गेलेले दागिने

एक राष्ट्र दुसऱ्याशी सहकार्य का करते, असे मुलांनी विचारले म्हणजे आपण युद्ध, व्यापार, विज्ञान अशी मोठी नावे घेतो. आम्हां साखळीकरांना इतके दूर जावयास नको.

पोर्तुगीज अमदानीत गोमंतकातील पुष्कळ कुटुंबे अडीअडचणीला अंगावरचे सोने ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनु’ या बँकेत गहाण ठेवीत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य येणार असे दिसताच ते सोने लिस्बनला हलविण्यात आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. माणसे सुटली, पाटल्या अडकल्या! आता फिर्याद कोठे करावी? आपल्या न्यायालयाचा हुकूम लिस्बनात चालत नाही, आणि पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तर १९५५ पासूनच तुटलेले.

एप्रिल १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत यशवंतराव चव्हाण व मारियो सोआरिश यांनी तहावर सह्या केल्या आणि गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. तरीही दागिने परत येण्यास १९९१ साल उजाडले. गहाण ठेवणारे कित्येक हात तोवर थकले असतील, कित्येक निवालेही असतील.

हे केवळ औदार्य होते असे मला वाटत नाही. पोर्तुगालचेही इकडे काही राहिले होतेच. त्यांच्या आशियातील कारभाराचे शतकानुशतकांचे दफ्तर आजही पणजीच्या पुराभिलेखागारात आहे, आणि ते चाळावयास त्यांचे अभ्यासक आपल्याच दारी येतात.