बोटांची सवय आणि मनाचे अवधान

संगणक कक्षात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला मोजकाच वेळ येतो. त्यातील बराच वेळ माउस हलविण्यात, मेनू उघडण्यात आणि हात पुन्हा कळफलकावर आणण्यात खर्च होतो, हे आम्ही शिकविताना नित्य पाहतो. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे कळफलकावरील शॉर्टकट.

कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरे ओळीने आहेत. कंट्रोल दाबून धरून ती दाबल्यास अनुक्रमे केलेली कृती मागे घेता येते, मजकूर कापता येतो, त्याची प्रत घेता येते व तो हव्या त्या जागी ठेवता येतो. मजकूर कापून चिकटविण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी विकसित केली. संगणक सामान्य माणसालाही सहज वापरता यावा, असा टेस्लर यांचा आग्रह होता.

मजकूर आधी निवडावा लागतो. शिफ्टसह बाणाची कळ दाबल्यास एकेक अक्षर, सोबत कंट्रोलही धरल्यास एकेक शब्द निवडला जातो. विंडोज कळ व स्पेसबार यांनी इंग्रजीतून मराठीत येता येते. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क’च्या कळेवर शिफ्टने ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’ उमटतो; वर्णमाला जाणणाऱ्यास ती परकी वाटत नाही.

एकदा एक विद्यार्थिनी १९५६ च्या धम्मदीक्षेची, पणजीकडून ऐकलेली आठवण लिहीत होती. शेवटच्या परिच्छेदावर वीज गेली आणि सारे लेखन नाहीसे झाले. तिने ते पुन्हा लिहिले. परंतु पणजीच्या बोलीतले एक वाक्य तिला काही केल्या आठवेना, आणि विचारावे तर पणजी हयात नव्हती. तेव्हापासून आम्ही पहिल्याच तासाला कंट्रोल व एस, म्हणजे जतन करणे, शिकवितो. प्रत्येक परिच्छेदानंतर ते करावे.

वेगाबरोबर सावधपणाही हवा. कापलेला मजकूर ठेवण्यापूर्वीच दुसरा कापला, तर व्ही दाबल्यावर दुसराच उमटतो. धम्मात ज्याला सती, म्हणजे जागरूकता, म्हटले आहे, ती येथेही उपयोगी पडते. विद्यार्थ्यांनी आठवड्यास एकच शॉर्टकट घ्यावा आणि तो बोटांत मुरेपर्यंत वापरावा. वाचलेला वेळ विचारासाठी ठेवावा. कारण लिहायचे काय, हे कोणतीही कळ सांगत नाही.