ब-जीवनसत्त्वे : गरज किती, पुरवठा किती?

"डॉक्टर, एक ताकदीचे इंजेक्शन देऊन टाका," ही मागणी आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज कानी पडते. ते लाल रंगाचे इंजेक्शन बहुधा ब-१२ जीवनसत्त्वाचे असते. ज्याच्या शरीरात ब-१२ कमी आहे त्याला ते संजीवनीच; मात्र ज्याच्यात कमतरताच नाही, त्याच्या थकव्यावर त्याचा उपयोग होत नाही. हा फरक रुग्णांच्या नातेवाईकांपर्यंत पोहोचावा, म्हणून यंदाच्या अहवालात आम्ही हा विषय घेतला आहे.

'ब' हे एक जीवनसत्त्व नसून आठ जीवनसत्त्वांचा गट आहे. अन्नापासून ऊर्जा मिळवणे, रक्तपेशी घडवणे आणि मज्जातंतूंची निगा राखणे या कामांत ती मदतनीस असतात. त्यांपैकी फॉलिक आम्लाच्या शोधाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गरीब गिरणी कामगार स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. यीस्टच्या साध्या, स्वस्त अर्काने हे रुग्ण सुधारतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे नेतृत्व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आज गरोदर स्त्रीच्या हाती फॉलिक आम्लाची गोळी पडते, तिच्यामागे हा इतिहास आहे. ती गोळी गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करावयाची असते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

परंतु हेच फॉलिक आम्ल दुसऱ्या परिस्थितीत घात करू शकते. ब-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्ल घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारतो, अहवाल चांगला दिसतो, आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. ब-१२ वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळतच नाही. शाकाहारी कुटुंबाचा आधार दूध-दही हाच, आणि घराघरांत ते वाटून गेल्यावर गृहिणीच्या वाट्याला बहुधा चहापुरतेच उरते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ घटते. पुण्यातील माता व बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणी फॉलेट अधिक व ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा वाढणे ही लक्षणे 'वयाची' म्हणून सोडून देऊ नयेत. उशीर झाला, तर गेलेली संवेदना पूर्णपणे परत येईलच असे नाही.

"पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात," हा समज अर्धाच खरा आहे. एका निवृत्त शिक्षकांना मधुमेहामुळे पाय बधिर होत म्हणून तीन ठिकाणांहून तीन निरनिराळ्या नावांच्या 'नसांच्या गोळ्या' मिळाल्या होत्या. तिन्हींत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६, होते. बधिरपणा वाढत गेला तसे ते गोळ्याही नेमाने वाढवत गेले. ब-६ चे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिल्यास नेमका हाच त्रास होतो. म्हणजे औषध रोगाचेच सोंग घेते! प्रौढ व्यक्तीची गरज दिवसाला सुमारे २ मिलिग्रॅम. अमेरिकेत १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. गोळ्या थांबविल्यावर त्यांना हळूहळू बराच आराम पडला. मात्र क्षयरोगाच्या औषधांबरोबर दिलेली ब-६ ची गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये. आयसोनियाझिडपासून ती नसांचे रक्षण करते.

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्यापूर्वी तसे अवश्य सांगावे. मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या, इतकेच नव्हे तर हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचाही निष्कर्ष चुकू शकतो. नायासिनच्या मोठ्या मात्रेने यकृतास इजा होते.

नातेवाईकांना आमची विनंती आहे की, तपासणीस येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, टॉनिकच्या बाटल्यांसह, एका पिशवीत घालून आणावीत. आणि जे देणगीदार स्नेहाने टॉनिकचे खोके पाठवितात त्यांना नम्रपणे सुचवावेसे वाटते की, तीच रक्कम गरजू रुग्णांच्या ब-१२ तपासणीसाठी दिल्यास ती आम्हांस अधिक उपयोगी पडेल.