उन्हाळ्याची नोंदवही
(इयत्ता 5 वी ते 7 वी : परिसर अभ्यास व अंकगणित यांचा जोडपाठ)

होळी झाली की विदर्भातील शाळा लवकरच सकाळच्या भरू लागतात आणि उन्हाच्या गोष्टी गावोगावी सुरू होतात. "असे ऊन जन्मात पाहिले नाही," असे वृद्ध मंडळी दरवर्षी म्हणतात. कोणी मोबाइलवर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवितो. यातील खरे किती आणि ऐकीव किती, हे ठरविण्याचे साधन मुलांच्या हाती देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

मे 2024 च्या अखेरीस नागपूर येथील एका स्वयंचलित केंद्रावर तापमान 56 अंश सेल्सिअस दिसले. वार्ता क्षणात सर्वत्र पसरली. वस्तुतः भारतातील आजवरची मान्य उच्चतम नोंद 51.0 अंशांची असून ती राजस्थानातील फलोदी येथे 19 मे 2016 रोजी झाली. नागपूरचा आकडा संवेदकाच्या बिघाडामुळे आला होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. त्याच सुमारास दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने दाखविलेले 52.9 अंश हेही तपासणीअंती सदोष ठरले. परंतु खुलासा वार्तेइतका दूर जात नाही. ज्याने 56 ऐकले, त्याला दुसऱ्या दिवशीचे 45 अंश किरकोळ वाटतात. आणि ज्याला तो आकडा खोटा असल्याचे कळले, तो पुढील खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवीत नाही. दोन्ही प्रकारे मनुष्य भर दुपारी डोक्याला काही न बांधता शेतात जातो. आकडा पारखून घेण्याचे शिक्षण हे अशा रीतीने जीवरक्षणाचे शिक्षण ठरते.

1. पूर्वतयारी

भिंतीवर टांगावयाचे, लाल द्रवाचे साधे तापमापक यंत्र पुरेसे आहे. ताप पाहण्याचे यंत्र या कामी चालत नाही. पाऱ्याचे यंत्र फुटल्यास पारा अपायकारक असतो, म्हणून तेही टाळावे. यंत्र उत्तरेकडील सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पत्र्यापासून व तापलेल्या भिंतीपासून दूर टांगावे. हवामान खात्याची यंत्रेदेखील झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, ती हवा खेळावी परंतु ऊन लागू नये म्हणूनच.

एक दिवस यंत्र मुद्दाम पाच मिनिटे उन्हात धरावे व वाढलेला आकडा मुलांना वाचावयास सांगावे. हे तापमान हवेचे नसून तापलेल्या काचेचे आहे, हे मुले मग सहज ओळखतात.

2. नोंद

मार्चच्या मध्यापासून सुटी लागेपर्यंत रोज शाळा भरताना व सुटताना मुलांनी आळीपाळीने नोंद करावी. दुपारी मुलांना मुळीच बोलावू नये. दिवसाचे कमाल तापमान व पूर्वानुमान ही आकाशवाणीवरून किंवा हवामान खात्याच्या 'मौसम' या ॲपवरून शिक्षकांनी सांगावीत. नोंदवहीत तारीख, शाळेतील दोन नोंदी, आदल्या दिवशी सांगितलेले पूर्वानुमान, प्रत्यक्ष कमाल तापमान आणि आभाळ व वारा, असे रकाने असावेत.

सूर्य बाराच्या सुमारास माथ्यावर येतो, मग सर्वांत अधिक उष्णता दुपारी दोन ते चारच्या दरम्यान का, हा प्रश्न येथे विचारावा. बारानंतरही जमिनीला मिळणारी उष्णता तिने सोडलेल्या उष्णतेहून काही काळ अधिकच असते, म्हणून हवा तापत राहते. चुलीवरील तव्याचे उदाहरण मुलांना पटते.

3. पूर्वानुमानाची पारख

पूर्वानुमान म्हणजे भविष्यकथन नव्हे. तो निरीक्षण व गणित यांवरून केलेला अंदाज होय. तो बहुधा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, एका गावासाठी नसतो. समजा, सांगितले 43 व झाले 44, तर फरक 1; सांगितले 44 व झाले 42, तर फरक 2. महिन्याच्या फरकांची सरासरी मुलांनी काढावी. अंदाज किती अंशांनी चुकतो, हे एकदा स्वतः मोजलेला मुलगा "हवामानवाले नेहमीच चुकतात" असे म्हणत नाही, आणि त्यांच्या शब्दावर आंधळेपणाने विसंबतही नाही.

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश असून ते सरासरीहून 4.5 अंश वा अधिक चढले, अथवा सरासरी काहीही असली तरी ते 45 अंशांवर पोहोचले, म्हणजे उष्णतेच्या लाटेची अट पुरी होते. अशी स्थिती हवामान विभागातील निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते. फळ्यावर उदाहरण द्यावे : एका गावाची सरासरी 42 अंश आहे व तापमान 46 झाले, तेथे ही अट पुरी होते काय? फरक केवळ 4 असला तरी 45 ची मर्यादा ओलांडली आहे, म्हणून उत्तर 'होय' असे येते.

इशाऱ्यांचे रंगही पाठ करून घ्यावेत. हिरवा म्हणजे चिंता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तत्काळ उपाय करा.

4. जुन्या नोंदी व लोकसमज

राजस्थानातील अलवर येथे 10 मे 1956 रोजी 50.6 अंशांची नोंद झाली. तो उच्चांक फलोदीने साठ वर्षांनी मोडला. नागपूर येथे 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान झाले. या तिन्ही तारखा फळ्यावर लिहून मुलांना नवतपा केव्हा लागतो ते विचारावे. सूर्य रोहिणीत जातो तेव्हा, म्हणजे 25 मेच्या सुमारास, हे उत्तर घरोघरी ठाऊक असते. तिन्ही नोंदी त्यापूर्वीच्या आहेत. यावरून वडीलधाऱ्यांचे अनुभव टाकाऊ ठरत नाहीत. मात्र काळजी घेण्यासाठी नवतप्याची वाट पाहणे योग्य नव्हे, एवढे निश्चित कळते. "नवतपा तापला तर पाऊस चांगला," हा समजही हसण्यावारी न नेता नोंदवहीत लिहून ठेवावा व काही वर्षे पडताळून पाहावा.

5. आकड्यापलीकडील उष्णता

माठातील पाणी थंड का होते? झिरपलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाताना माठाची उष्णता नेते. घाम हेच कार्य शरीरासाठी करतो. कोकणात हवा दमट असल्यामुळे घाम लवकर सुकत नाही. म्हणून तेथे 37 अंशांनाही जीव घाबरा होतो, आणि किनारी भागासाठी लाटेची मर्यादाही 37 पासूनच धरतात. विदर्भातील कोरड्या हवेत याउलट घाम लगेच सुकतो आणि अंगातील पाणी किती गेले हे ध्यानात येत नाही. म्हणून तहान लागण्यापूर्वीच पाणी पिण्याची सवय मुलांना लावावी. दर तासाच्या अखेरीस माठापाशी रांग लावणे हा याच पाठाचा भाग समजावा.

6. ऊन लागल्यास

डोके दुखणे, मळमळणे व चक्कर येणे ही आरंभीची लक्षणे होत. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. मुलास सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, ओल्या कापडाने अंग पुसावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असल्यास जलसंजीवनी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे द्यावे.

7. गृहपाठ

सुटीत प्रत्येक मुलाने रोजचा इशारा घरी वाचून दाखवावा. लाल वा नारिंगी रंग असेल त्या दिवशी आजी-आजोबा, तान्ही मुले व शेतावर जाणारी माणसे यांनी दुपारी काय केले, हे दोन ओळींत लिहावे. शाळा उघडल्यावर वही तपासताना शिक्षकांनी आकड्यांबरोबर या ओळीही वाचाव्यात. "बाबा आज अकराला घरी आले," एवढे वाक्य एखाद्या वहीत सापडले, तरी पाठ सफल झाला असे मानण्यास हरकत नाही.