चाळिशीतले दात आणि पुढील चाळीस वर्षांचा हिशेब

अक्कलदाढा धरून माणसाला ३२ दात असतात. त्यांतील एखादा किडला तर तो भरून भागते. परंतु बहुतेक दात झिजले, किडले वा पडले असतील तर एकेकट्या दाताची डागडुजी पुरत नाही. दोन्ही जबड्यांचा एकत्र विचार करून चावाच नव्याने बसवावा लागतो. यालाच फुल माउथ रिहॅबिलिटेशन, म्हणजे संपूर्ण मुखपुनर्वसन म्हणतात.

हा उपचार वृद्धांसाठीच असतो हा समज बरोबर नाही. झोपेत दात खाण्याची सवय, जठरातील आम्ल वारंवार तोंडात येणे, शीतपेयांचा अतिरेक, अपघात, जन्मतः सदोष एनॅमल अशा कारणांनी तिशी-चाळिशीतच ही वेळ येते. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा विकार बळावतो आणि न किडलेले दातही हलू लागतात. गुटखा-सुपारीची गोष्ट आणखी वेगळी. सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर ताठर होत जाते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि दाढांपर्यंत उपकरण नेणेही दंतवैद्यास कठीण होते.

तरुण वयात या उपचाराचे स्वरूप बदलते, कारण केलेले काम चाळीस वर्षे वापरायचे असते. कॅप किंवा ब्रिज कायमचा नसतो. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी तो बदलावा लागतो आणि प्रत्येक बदलात मूळ दाताचा थोडा अंश खर्ची पडतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर नैसर्गिक दात हे मुद्दल होय. ते जितके कमी काढले जाईल तितके बरे.

येथेच मोह होतो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनमार्क यांनी १९६५ मध्ये टायटॅनियमचे इम्प्लांट प्रथम रुग्णाच्या जबड्यात बसविले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हा त्यांचा शोध. आज चार-सहा इम्प्लांटांवर दातांची पूर्ण पंक्ती उभी करता येते. ज्यांचे दात वाचण्यासारखे नाहीत, त्यांना हे वरदानच आहे. मात्र वाचू शकणारे दात केवळ सोयीसाठी काढणे हा महागडा व्यवहार ठरतो. दात काढल्यावर तेथील हाड झिजू लागते व पहिल्या वर्षातच त्याची रुंदी बरीच घटते. शिवाय नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती संवेदनशील तंतू असतात. भातातला बारीक खडा त्यामुळेच तत्क्षणी जाणवतो. इम्प्लांटला ते तंतू नसतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट अयशस्वी होण्याचे प्रमाणही अधिक असते.

योग्य उपचाराला महिने लागतात. आधी हिरड्या निरोगी करणे, रूट कॅनॉल, वाचू न शकणारे दात काढणे. मग साचे घेऊन चाव्याची नवी उंची ठरविणे. ही उंची तात्पुरत्या कॅप घालून काही आठवडे, कधी काही महिने तपासली जाते. जेवताना, बोलताना, सकाळी उठल्यावर जबडा दुखत नाही ना, हे रुग्णाने सांगायचे असते. ही पायरी गाळून आठवडाभरात सर्व काही करून देण्याचे आश्वासन मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

खर्च मोठा असतो. सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दंतोपचार बहुधा वगळलेले असतात. म्हणून मुदत ठेव मोडण्यापूर्वी किंवा कर्जाचा हप्ता ठरविण्यापूर्वी लेखी उपचार आराखडा मागावा. त्यात टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, साहित्य आणि कॅप तुटल्यास भरपाई कोणाची, हे असावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. खाजगी दर परवडत नसेल तर शासकीय वा महानगरपालिकेच्या दंत महाविद्यालयातील कृत्रिम दंतशास्त्र विभाग हा उत्तम पर्याय आहे. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळही लागतो. पण घाई कोणालाच नसते!

काम पूर्ण झाल्यावर दात खाणाऱ्यांनी रात्री नाइट गार्ड लावावा व सहा महिन्यांनी तपासणी करावी. इम्प्लांटची कंपनी, आकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड ठेव पावतीसारखेच जपून ठेवावे. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावी बदली झालेली असताना एखादा स्क्रू सैल झाला, तर तेथील दंतवैद्य प्रथम तेच मागेल.