बोटीत भरलेलं पाणी कुणाच्या सीटवर बसतं? घरच्या घरी वॉटर बॅलास्ट, हिशोबासकट

या आठवड्याच्या व्हिडिओत पंप, पाइप आणि पिशवी जोडून दाखवली. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून ते इथे सावकाश लिहितोय. कॅल्क्युलेटर आणि बोटीचे कागद घेऊन बसा.

आधी दोन ओळींत विषय. वेकबोर्डिंग म्हणजे पायाला फळी बांधून, दोरी धरून, बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायच्या. हा खेळ अमेरिकेतला. १९८५च्या सुमारास कॅलिफोर्नियात टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ नावाची फळी आणली, नंतर हर्ब ओब्रायन यांच्या ‘हायपरलाइट’ फळीने खेळाला आजचं रूप दिलं. बोट जितकी जड, तितकं ती जास्त पाणी बाजूला सारते आणि मागची लाट तितकी मोठी होते. म्हणून तिथले लोक बोटीत मुद्दाम पाणी भरतात. त्यालाच बॅलास्ट म्हणतात. खास या खेळासाठी बांधलेल्या बोटींत हजार-दीड हजार किलो, काहींत त्याहून जास्त पाणी मावतं.

आता आपल्याकडे या. खाडीत बनाना, बंपर, स्पीडबोट चालवणारे बरेच जण आमच्या दुकानात पंपाच्या चौकशीला येतात. मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "भाऊ, हेच पाहिजे, तीन पंप, तीन पिशव्या." दुकानदार म्हणून मला तीन पंप विकायला काय जातंय! पण ट्रेनर म्हणून सांगतो, आधी खालचं गणित करा. गणित झाल्यावर बहुतेकांना एकच पंप लागतो. काहींना तोही लागत नाही.

प्लेट वाचा

अमेरिकेत २० फुटांपेक्षा छोट्या मोटरबोटींवर क्षमतेची प्लेट लावणं कायद्याने बंधनकारक आहे. माणसं किती, एकूण वजन किती, इंजिन किती एचपीपर्यंत, हे सगळं त्यावर असतं. तुमच्या बोटीवर अशी प्लेट नसेल तर सर्व्हे सर्टिफिकेट किंवा बांधणाऱ्याचा कागद काढा. कुठलाच कागद नसेल तर बॅलास्टचा विषय तिथेच थांबवा, आधी सर्व्हेयरला बोट दाखवा.

प्लेट वाचताना एक गोम लक्षात ठेवा. आउटबोर्ड बोटीच्या प्लेटवरचा सगळ्यात मोठा आकडा माणसं, सामान आणि इंजिन मिळून असतो. तो सगळा आकडा पाण्याला मोकळा आहे असं धरलंत तर गेलात.

उदाहरण घेऊ. समजा प्लेटवर एकूण ८०० किलो आहेत. इंजिन आणि बॅटरी २०० किलो, राहिले ६००. टांडेल आणि मागे लक्ष ठेवणारा माणूस मिळून १५०, राहिले ४५०. सुटी पेट्रोल टाकी, नांगर, जॅकेटं, फळी, दोरी यांचे ५० धरा, राहिले ४००. त्यातले १०० किलो मी कधीच वापरत नाही. दुसऱ्या बोटीची लाट आली, सगळे एकाच बाजूला फोटो काढायला सरकले, अशा वेळेसाठी ते राखून ठेवायचे. हाती राहिले ३००.

या ३०० किलोत गिऱ्हाईक आणि पाणी दोघांनाही बसायचंय. एक लिटर गोडं पाणी म्हणजे एक किलो. खारं थोडं जास्त, लिटरला साधारण १.०२५ किलो. माणशी ७५ किलो धरले तर चार जणांचा ग्रुप आला की ३०० संपले. म्हणजे एक थेंबही भरायचा नाही, ते चौघंच तुमचं बॅलास्ट! दोघंच आले तर १५० किलो शिल्लक, म्हणजे जवळपास १५० लिटर पाणी. फळीवरचा माणूस पाण्यात असतो म्हणून त्याचं वजन सोडू नका. जाताना आणि परतताना तो बोटीतच बसतो.

यात धंद्याची मेख आहे. ७५ लिटर पाणी म्हणजे एक सीट. ते पाणी तिकीट काढत नाही.

म्हणून दर कसा लावायचा?

समजा तुमची स्पीडबोट तासाला दोन फेऱ्या मारते, फेरीला चार सीट, सीटला ५०० रुपये. तासाचे झाले ४,००० रुपये. आता वेकबोर्डिंगला दोघं आले आणि तुम्ही "दुप्पट दर लावला" म्हणत माणशी १,००० घेतले, तर त्याच तासाचे २,०००. वर जड बोट पेट्रोल जास्त खाते. शिकवणारा माणूस लागतो, नवखा माणूस दहा वेळा पडतो आणि दर वेळी बोट वळवून त्याच्यापाशी न्यावी लागते. म्हणून वेकबोर्डिंग माणशी विकू नका, बोट तासाने विका.

आणि तो तास कुठला? गर्दीच्या वेळी ४,००० सोडून हा खेळ विकणं अवघड आहे. पण सकाळी सात ते नऊ बोट तशीही जेटीला बांधलेलीच असते. दुपारचा समुद्री वारा सुटलेला नसतो, खाडीचं पाणी आरशासारखं सपाट असतं आणि या खेळाला नेमकं तसंच पाणी लागतं. त्या वेळात ४,०००चं नुकसान नाहीच, पेट्रोल आणि माणसाची मजुरी सुटली की वरचे पैसे तुमचे. मी तुमच्या जागी असतो तर पहिला सीझन फक्त सकाळीच चालवला असता.

पंप घेण्याआधी कॅन

पहिले दोन रविवार २० लिटरचे सात जाड कॅन काठोकाठ भरा, झाकणं घट्ट लावा आणि सीटखाली पट्ट्यांनी आवळून बांधा. झाले १४० किलो. लाट किती वाढली, बोट कशी वळते, पेट्रोल किती गेलं, सगळं वहीत लिहा. गिऱ्हाईक परत येतं का, तेही लिहा. परत येत नसेल तर पंपाचे पैसे वाचले.

वाळूची पोती किंवा शिसं वापरू नका, कितीही स्वस्त मिळो. बोटीत पाणी शिरलं तर वाळू आणि शिसं तिला तळाशी ओढतात. बॅलास्टचं पाणी मात्र पाण्यात बुडल्यावर जवळपास वजनहीन होतं. हा फरक जिवावरचा आहे.

आणि काठोकाठ हा शब्द मी उगाच वापरला नाही. अर्धी भरलेली टाकी किंवा पिशवी सगळ्यात धोक्याची. बोट डावीकडे कलली की आतलं पाणीही डावीकडे धावतं आणि तिला अजून कलवतं. त्यामुळे वजन कमी करायचं असेल तर दोन पिशव्या अर्ध्या ठेवू नका, एक पूर्ण भरा आणि दुसरी पूर्ण रिकामी करा.

आता जोडणी

कॅन उचलून कंबर मोडायला लागली आणि बुकिंग येतंय असं दिसलं, की पिशवीवर या. अमेरिकन पिशव्यांवर पाउंड लिहिलेले असतात. ४०० पाउंड म्हणजे सुमारे १८० किलो, ७५० पाउंड म्हणजे ३४०. वरच्या उदाहरणात ३४०ची पिशवी बसतच नाही, आणि १८०चीही मोठी होते. ७० ते ७५ लिटरच्या दोन घ्या.

पंपावर ‘८०० जीपीएच’ असं दिसेल. तासाला ८०० गॅलन म्हणजे मिनिटाला साधारण ५० लिटर. हा आकडा पंप मोकळ्या तोंडाने चालतो तेव्हाचा. पाइप, वळणं आणि उंची धरून मी ३० ते ३५च मोजतो. म्हणजे १५० लिटर पाच मिनिटांत भरतात. गिऱ्हाईक जॅकेट चढवून सूचना ऐकेपर्यंत तेवढी मिनिटं जातातच. तीन पंपांची गरज आहे का, तुम्हीच सांगा.

पहिल्या वर्षी बोटीच्या तळाला भोक पाडू नका. १२ व्होल्टचा बुडता पंप पाइपला जोडून बाजूने पाण्यात सोडा, पिशवी भरा. रिकामं करताना तोच पंप पिशवीच्या बाजूला लावा आणि पाइपचं टोक बाहेर. पाइप आतून तार असलेला घ्या, साधा पाइप वळणावर चिमटतो. पिशवीच्या वरच्या तोंडाला हवा जायला नळी हवी. तिचं टोक बाहेर काढा, त्यातून पाणी आलं की पिशवी भरली. ही नळी नसेल तर पिशवी फुगून सीट उचलते, नाहीतर फाटते.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. पंप बंद केला म्हणजे पाणी थांबलं, असं नसतं. पिशवी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पाणी सायफनने आत येतच राहतं. पिशवी भरली की पाइप काढा आणि टोपण लावा. पुढे कधी तळातून कायमची जोडणी केलीत तर प्रत्येक भोकावर हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह पाहिजेच, तोही ब्रॉन्झचा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात आतून पोखरतं, वरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस हातात तुटून येतं. असं भोक पाडायच्या आधी सर्व्हेयर आणि विमावाल्याला कळवा.

वायरिंगमध्ये पंपाच्या कागदावर लिहिलेल्याच अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर कलई केलेल्या तांब्याची. चिमट्याने बॅटरीला जोडत असाल तर पेट्रोलच्या टाकीजवळ अजिबात नको, ठिणगी उडते. बोटीतलं आलेलं पाणी उपसणारा पंप वेगळाच ठेवा, त्याला या कामाला जुंपू नका.

वजन ठेवताना सगळं मागे ढकलायचा मोह होतो, कारण लाट लगेच उभी राहते. पण छोट्या आउटबोर्ड बोटीचं मागचं तोंड आधीच इंजिनाने दबलेलं असतं. अचानक वेग कमी केला की स्वतःचीच लाट मागून आत येते. एक पिशवी नाळेकडे, एक मधल्या सीटच्या मागे, इथून सुरुवात करा. फुल थ्रॉटलला इंजिनाचे फेरे कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली राहत असतील तर पाणी कमी करा किंवा कमी पिचचा पंखा बसवा. तसंच रेटलंत तर इंजिनाचा खर्च वर्षाची कमाई खाईल.

एक मागणी मात्र साफ नाकारा. रील बघून पोरं येतील आणि म्हणतील, दोरी सोडून बोटीला चिकटून लाटेवर उभं राहायचंय. त्याला वेकसर्फिंग म्हणतात. ते फक्त पंखा बोटीच्या पोटाखाली असलेल्या बोटीमागे करतात. आउटबोर्डमागे माणूस पंख्यापासून दोन-तीन मीटरवर असतो. कितीही पैसे देऊ केले तरी नाही म्हणा.

काम संपलं की पंप आणि पिशवीतून गोडं पाणी फिरवा, पिशवी सावलीत वाळवा. बोट एका धरणातून दुसऱ्या धरणात नेत असाल तर पिशवी पूर्ण रिकामी आणि कोरडी करूनच न्या. अमेरिकेत अशा उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात पोचतात, म्हणून तिथे याबाबतीत फार कडक असतात.

पुढच्या व्हिडिओत वहीतला पेट्रोलचा हिशोब घेऊ. तोवर तुमच्या प्लेटचे आकडे, इंजिनाचं वजन आणि रोजच्या फेऱ्या लिहून ठेवा. दुकानात आलात तर तो कागद घेऊन या. कागद बघितल्याशिवाय पंप काढून देणार नाही!