माऊचा घास : मांजराच्या घरगुती आहाराविषयी

बालरोगतज्ज्ञाने मांजराच्या आहारावर लेख लिहावा, याचे आपल्या मंडळाच्या सभासदांना आश्चर्य वाटेल. परंतु ज्या चुकीबद्दल मी वर्षानुवर्षे पालकांना समजावीत आलो, तीच चूक माझ्या घरी माझ्याच हातून घडली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर शाकाहारी. मुलीने आणलेली मनी ही मांजर आमच्या सिल्वासातील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत वाढली. सकाळी दूधपोळी, रात्री दूधभात. ती आवडीने खात असे, गुबगुबीतही दिसत असे. दीड-दोन वर्षांनी ती खुर्चीच्या पायांवर आपटू लागली. भर उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहत. पशुवैद्यांनी डोळे तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला खायला काय देता?" उत्तर देताना मला संकोच वाटला. नेत्रपटलाची हानी झालेली होती आणि गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. ‘वर्षाच्या मुलाला नुसत्या दुधावर ठेवू नका,’ असे दवाखान्यात रोज सांगणारा मी, घरी मात्र त्याच्या उलट वागत होतो.

पूर्वीची मांजरे दूधभातावर कशी जगली, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ती दूधभातावर जगलीच नाहीत. धान्याची कणगी असलेल्या घरात मांजर उंदीर, पाली, टोळ, पाखरे मारून खाई. दूधभात हा वरचा घास होता. आपल्या परिसरातील पाड्यांवर आजही हेच दिसते. सदनिकेत आपण उंदीर काढून घेतला आणि वरचा घास तेवढा शिल्लक ठेवला.

मांजर वेगळे का?

कुत्रा मिश्राहारावर निभावून नेतो. मांजर मात्र निसर्गतःच मांसाहारी आहे. गाजरातील बीटा-कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता त्याला नाही. नायसिन ते पुरेसे बनवू शकत नाही, ॲरॅकिडोनिक आम्लाचीही तीच गत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टॉरीन. नेत्रपटल आणि हृदयाचे स्नायू यांना आवश्यक असलेले हे द्रव्य मांजराच्या शरीरात फारच थोडे तयार होते. ते मांस-मासळीतून मिळते. धान्य-भाज्यांत जवळजवळ नसते आणि गाईच्या दुधात अत्यल्प असते.

टॉरीनच्या अभावाने मांजराच्या नेत्रपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी दाखविले की, याच अभावाने हृदय प्रसरण पावून निकामी होते. मात्र टॉरीन दिल्यास हा हृदयविकार बरा होऊ शकतो. या संशोधनाचा आपल्या शास्त्राशीही संबंध आहे. मातेच्या दुधात टॉरीन भरपूर असते, म्हणून १९८४ पासून अमेरिकेत अर्भकांच्या दूधपावडरीत ते मिसळण्यास अनुमती मिळाली.

दुधाविषयी आणखी एक गोष्ट. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. वारंवार जुलाब होत असतील, तर औषधाआधी दूध बंद करून पाहावे. पिण्यास स्वच्छ पाणी पुरेसे आहे.

घरी काय शिजवावे?

चार किलो वजनाच्या प्रौढ मांजरास दिवसाकाठी सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. पुढील प्रमाण एका मांजरास साधारण चार दिवस पुरते :

१. कोंबडीच्या तंगडीचे हाडविरहित मांस ५०० ग्रॅम व कोंबडीचे हृदय ५० ग्रॅम
२. कलेजी २५ ग्रॅम. अधिक नको, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मणके ताठरतात
३. पूर्ण शिजवलेले एक अंडे
४. अंड्याच्या कवचाची पूड सपाट अर्धा चहाचा चमचा (सुमारे ३ ग्रॅम)
५. एक चमचा तेल
६. टॉरीन, दररोज २५० मिलिग्रॅम या हिशेबाने

मांस थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवावे. टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये, अन्नातच कालवावे. कवच आधी उकळून, वाळवून, पिठासारखे बारीक दळावे. हे कॅल्शियम वगळू नये. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडे मऊ होऊन मोडतात. मुडदुसाची मुले पाहिलेल्यांस हे अधिक सांगणे नको. दोन दिवसांपुरते अन्न फ्रिजमध्ये व उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. टॉरीन व कवचाची पूड थंड झाल्यावर मिसळावी. नवा आहार आठ-दहा दिवसांत हळूहळू रुळवावा.

एवढ्यानेही आहार परिपूर्ण होत नाही. डेव्हिस येथीलच अभ्यासकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या. सर्व आवश्यक घटक पुरविणारी एकही आढळली नाही. म्हणून रोज घरचेच द्यावयाचे असल्यास ‘ई’ व ‘ब’ जीवनसत्त्वे, जस्त, आयोडीन यांची पूर्तता पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावी. अन्यथा बाजारातील परिपूर्ण खाद्य मुख्य ठेवून घरचा घास एक दशांशापेक्षा अधिक देऊ नये. पिल्ले, गाभण मांजरी आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हे प्रमाण लागू नाही.

काय टाळावे?

कांदा-लसूण घातलेला रस्सा मुळीच नको. त्याने तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेटही वर्ज्य. दमणकडून येणारी ताजी मासळी अधूनमधून, शिजवून व काटे काढून द्यावी. कित्येक जातींच्या कच्च्या मासळीतील एंझाइम थायमिन नष्ट करते. सुकट, सुके बोंबील फार खारट असतात. कच्च्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा व साल्मोनेला घरात येऊ शकतात. गर्भवती असलेल्या घरी विशेष जपावे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला, हेही ध्यानात ठेवावे. आणि मुलांच्या कपाटातील पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. एक गोळीदेखील प्राणघातक ठरते.

शाकाहारी कुटुंबांची अडचण मी जाणतो. आमच्या घरीही मांस शिजले नाही. आम्ही टॉरीनयुक्त तयार खाद्य आणले. स्वतःच्या घरात तेही मान्य नसेल, तर मांजर न पाळणे अधिक प्रामाणिकपणाचे. आपले व्रत आपण घेतलेले असते, मांजराने नव्हे.

मनी पुढे सात वर्षे जगली. घरातील वस्तूंच्या जागा तिला पाठ होत्या. आम्ही एकही खुर्ची हलवीत नव्हतो. बाळाला भरवताना आपण काऊ-चिऊबरोबर माऊच्या नावानेही एक घास घेतो. खऱ्या माऊचा घास कोणता, याची चौकशी वाचकांनी वेळेवर, पशुवैद्यांकडे जाऊन करावी, एवढीच विनंती.