विसणाचे शास्त्र

आपल्या मराठी भाषेत स्नानाच्या पाण्यासाठी एक खास शब्द आहे – विसण. कढत पाणी अंगाला सोसावे म्हणून त्यात जे थंड पाणी घालतात, ते विसण. खानदेशातून येऊन गोडादरा, लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून चुलीवरचा हंडा आणि तांब्याचा बंब केव्हाच गेला, गीझर आला. तरीही बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी आजी बादलीत हात घालून पाहते, ती रीत अजून टिकून आहे. प्रवासात मात्र विसण घालण्याचे हे काम आपण हॉटेलच्या भिंतीतील मिक्सरवर सोपवतो आणि डोळे मिटून शॉवरखाली उभे राहतो.

लग्नकार्य, देवदर्शन, वैद्यकीय परिषद अशा निमित्तांनी आपणा सर्वांचाच हॉटेलात मुक्काम घडतो. सकाळी गरम पाणी लवकर येत नाही, आले तर एकाएकी चटका बसतो, नाहीतर शेवटपर्यंत कोमटच राहते, या तक्रारी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांकडे आपण केवळ गैरसोय म्हणून पाहतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यांत परस्परविरोधी असे दोन धोके दडलेले आहेत. अतितप्त पाणी त्वचेला घातक, तर साठवलेले कोमट पाणी फुफ्फुसाला. या दोहोंचा विचार एकत्रितपणे व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाणी असे का वागते?

मोठ्या हॉटेलात पाणी एका ठिकाणी तापते आणि लांबलचक नळांतून खोल्यांपर्यंत पोहोचते. रात्रभर नळात थांबलेले पाणी निवते. ते वाहून गेल्याशिवाय तापलेले पाणी येत नाही. गरम पाणी नळांतून सतत फिरते ठेवणारी परतीची वाहिनी जेथे बसवलेली असते, तेथे हा विलंब होत नाही.

अचानक बसणाऱ्या चटक्याचे कारण निराळे आहे. थंड आणि गरम पाणी वेगवेगळ्या वाटांनी मिक्सरपर्यंत येते. शेजारच्या खोलीत कोणी थंड पाण्याचा नळ सोडला किंवा फ्लशची टाकी भरू लागली, की थंड पाण्याचा दाब उतरतो, गरम पाण्याचे प्रमाण वाढते आणि क्षणात अंग पोळते. म्हणजे विसण मध्येच कमी पडते. थर्मोस्टॅट असलेला मिक्सर हा बदल ओळखून पाण्याचे प्रमाण आपोआप सावरतो. साध्या मिक्सरला ते जमत नाही.

चटक्याचे गणित

पाण्याने त्वचा किती भाजेल, हे तापमान आणि संपर्काचा काळ या दोहोंवर ठरते. मॉरिट्झ आणि हेन्रिकस या अमेरिकन संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात आजही आधारभूत मानले जातात. प्रौढाची त्वचा खोलवर भाजण्यास ४४ अंश सेल्सिअसला सुमारे सहा तास लागतात, ४९ अंशांना काही मिनिटे पुरतात आणि ६० अंशांना अवघे पाच सेकंद. ४९ आणि ६० यांत अंतर केवळ ११ अंशांचे. पण बाजूला होण्यास मिळणारा अवधी मिनिटांवरून सेकंदांवर येतो.

हा हिशेब निरोगी प्रौढाचा आहे. बालकांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असल्याने ती याहून लवकर भाजते. ज्यांना चटका जाणवतच नाही, त्यांची स्थिती अधिक बिकट. माझ्याकडे येणारे एक निवृत्त लूम कामगार, अनेक वर्षांचे मधुमेही, पुतण्याच्या लग्नासाठी परगावी लॉजवर उतरले होते. स्टुलावर बसून त्यांनी पाय नळाच्या धारेखाली धरले. पाणी कढत असल्याचे त्यांना कळलेच नाही, सून म्हणाली, “मामंजी, पावलं लाल कशानं झाली?” तेव्हा कोठे लक्ष गेले. सायंकाळपर्यंत दोन्ही पावलांवर फोड आले. जखमा भरण्यास अडीच महिने लागले आणि एक बोट गमवावे लागले. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला ऊन आणि कढत यांतील भेद कळत नाही.

कोमट पाण्यातील जंतू

मग गीझर कायम ४५ अंशांवर ठेवला म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. येथे दुसरा धोका पुढे येतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेने फुफ्फुसाच्या प्लेगची दहशत अनुभवली. अनाकलनीय न्यूमोनिया शहराला कसा हादरवतो, हे आपणास सांगावयास नको. १९७६ च्या जुलैत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने असाच अनुभव घेतला. तेथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन झाले. त्यानंतर २२१ जणांना विकार जडला आणि ३४ जण दगावले. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड यांच्या शोधातून कारणीभूत जंतू जाहीर झाला. त्याचे नाव पडले ‘लीजिओनेला’. तेथे संशय होता तो वातानुकूलन यंत्रणेवर. परंतु इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या शॉवरच्या पाण्यातही हा जंतू सापडल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्नानगृहाकडे तज्ज्ञांचे लक्ष वळले.

हा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात, गंजात आणि क्षारांच्या थरात वाढतो. ६० अंशांना तो तग धरत नाही. तो पिण्याच्या पाण्यातून सहसा बाधत नाही. शॉवरच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासातून फुफ्फुसात शिरतो. वृद्ध, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना त्याचा धोका विशेष.

व्यावसायिक बंधूभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. न्यूमोनियाच्या रुग्णास जुलाब, मानसिक गोंधळ, रक्तातील सोडिअमची घट अशी लक्षणे असतील, तर “गेल्या दहा-बारा दिवसांत कोठे मुक्काम होता?” हा प्रश्न अवश्य विचारावा. पेनिसिलिन वर्गातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात. मॅक्रोलाइड किंवा क्विनोलोन वर्गातील औषधे लागतात.

तोडगा आपल्या घरचाच

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदा करून नवे गीझर ४९ अंशांवर लावून देणे बंधनकारक केले आणि मुलांचे भाजण्याचे प्रमाण घटले. जंतूंच्या दृष्टीने मात्र साठवणीचे पाणी ६० अंशांवर असणे इष्ट. मग मेळ कसा घालावा? पाणी साठवावे तापलेले आणि अंगावर घ्यावे निववून. टाकीत ६० अंश, नळांत किमान ५० आणि शॉवरच्या अगदी जवळ थंड पाणी मिसळून सुमारे ४० अंश, असा हा क्रम आहे. दुसऱ्या शब्दांत, विसण टाकीत न घालता शेवटच्या टप्प्यावर घालावे. आजी बादलीजवळ नेमके हेच करीत आली.

यात काटकसरही आहे. ६० अंशांचे १५ लिटर पाणी आणि २० अंशांचे तितकेच थंड पाणी मिसळले, की ४० अंशांचे ३० लिटर पाणी मिळते.

ध्यानात ठेवावे असे

१. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर दोन्ही नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. या वेळी शॉवरच्या तुषारांपासून दूर राहावे.

२. आधी थंड नळ सोडावा, मग गरम. बंद करताना आधी गरम. बादलीतही आधी थंड पाणी घ्यावे.

३. मधुमेही व्यक्तीच्या पाण्याची परीक्षा घरातील दुसऱ्या कोणी कोपराने करावी. पायाने कदापि करू नये.

४. लहान मुलास नळाजवळ एकटे सोडू नये.

५. बंद स्नानगृहात गॅस गीझर असेल तर वापरू नये. त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून जीवघेणा आहे. अशा रुग्णात साधा पल्स ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवून फसवतो, हे डॉक्टरांनी विसरू नये.

६. भाजल्यास अंगठी, बांगड्या त्वरित उतरवाव्यात आणि तो भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये.

७. शॉवरच्या जाळीवर क्षार साचलेले दिसल्यास व्यवस्थापकास कळवावे. तो आपला हक्क आहे आणि पुढच्या पाहुण्यावरील उपकारही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मंगल कार्ये असतात आणि वऱ्हाडासाठी हॉटेल ठरवण्याचा भार कोणावर तरी येतो. खोल्यांचे भाडे आणि जेवणाचा बेत विचारताना “गरम पाण्याचे तापमान किती ठेवता आणि मिक्सर कोणता आहे?” हेही विचारावे. प्रश्न वारंवार विचारला गेला, तर उत्तर तयार ठेवण्याची गरज हॉटेलचालकांनाही भासेल.